झबल्याचा वास

दुपारी दोनला तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, वाफ्यांतलं काम थांबलं की फुआतिनो कोपरापर्यंत हात धुई, नखं घासून काढी आणि फणसासारख्या त्या जुन्या उलूच्या झाडाखालच्या खोपटात जाऊन बसे. खोपट म्हणजे चार खांब, वर पत्रा, खाली चटई आणि तीन बाजूंनी लटकवलेली फुलाफुलांची कापडं. जेलातल्या बायकांनी त्याला गोठा असं नाव ठेवलं होतं. म्हातारी तालिता तर रोज न चुकता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "चला, धार काढायची वेळ झाली! कुणीतरी वासरू आणा गं."

"तूच ये," फुआतिनो आतून ओरडे. "तुझेही दात गेलेच आहेत."

मग बाहेरचं हसणं लांब जाई. ती डब्यातून एक इवलंसं झबलं काढी, नाकाला लावी आणि डोळे मिटून घेई.

त्या झबल्याला खोबरेल तेलाचा, घामाचा, थोड्या आंबूस दुधाचा वास होता. त्याच्या खाली आणखी एक वास होता, त्याला नाव नव्हतं. तो सापडायला वेळ लागे. झाडाची मोठी पानं वर हलत असत, पापण्यांवर ऊन-सावली फिरत असे, कुंपणापलीकडचा समुद्र पुढे येई आणि मागे जाई. आणि मग कधीतरी तो वास सापडे. काखेतून बारीक मुंग्या निघत, छाती जड होई आणि पान्हा फुटे. उकळून ठेवलेल्या काचेच्या पेल्यात पहिल्या धारेचा आवाज झाला की तिला दर वेळी रडू येई. आवाज अगदी लहान होता, पण दिवसभरात तिच्या स्वतःच्या मालकीचं तेवढंच काही होतं.

हे सगळं तिला नर्स लुसियाने शिकवलं होतं. लुसिया सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसायच्या ऐवजी दर मंगळवारी आणि शुक्रवारी बसने जेलात यायची. अंगाने भरभक्कम, पायात पुरुषी चपला, तोंड सतत चालू. "अंगठा इथं, बोटं तिथं. आधी मागे बरगडीकडे दाब, मग पुढे. ओढू नकोस गं, ती काय दोरी आहे? आणि पोरीचं काहीतरी जवळ ठेव. दूध डोक्यातून उतरतं, छातीतून नाही." भरलेल्या बाटल्या ती मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवून बंदरावर नेई. तिचा भाचा बोटीवर होता. पेटी सामुद्रधुनी ओलांडून सवाई बेटावर फुआतिनोच्या सासूकडे पोचे आणि परत येताना रिकाम्या बाटल्यांबरोबर बाळाचं न धुतलेलं झबलं घेऊन येई.

पहिल्या दिवशी लुसियाने पेटीवर खडूने "बाळासाठी दूध" असं लिहिलं होतं आणि विचारलं होतं, "नाव घालू पोरीचं?"

फुआतिनोला ऐकूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खाण्याच्या वस्तूवर नाव? लोक म्हणतील, हे वाटून खात नाहीत! इतके का आम्ही भिकारी आहोत?"

पोरीचं नाव लांगी. लांगी सहा आठवड्यांची असताना कोर्टाचा निकाल लागला. तारोच्या बांधावरून भांडण, हातात कोयता, समोर शेजारी. त्याचा दंड हाडापर्यंत कापला गेला. फुआतिनोला राग फार लवकर येतो, हे ती स्वतःही नाकारत नाही. सासूने पहाटे डोक्यावर केवड्याच्या पातीची घराण्याची चटई ओढून त्या शेजाऱ्याच्या अंगणात गुडघे टेकले, ऊन चढेपर्यंत तशीच बसली, आणि शेजाऱ्याने येऊन चटई उचलली. क्षमा झाली. म्हणून चौदा महिन्यांवर निभावलं. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला होता. जेलात बाळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून लांगी आजीबरोबर बोटीत बसली. त्याला आता तीन महिने झाले होते.

आणि आता जागा झाली होती. स्वयंपाकघराला लागून एक खोली, एक खाट, एक पाळणा. अधीक्षकबाईंचा नियम सरळ होता: अंगावर पिणारं मूल आईजवळ राहील, बाटलीवरचं घरी राहील. "बाटली काय, आजीही धरू शकते," त्या म्हणाल्या होत्या. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी पोरीला आणवून घे. ती तुझ्या अंगावर प्यायलेली मी माझ्या डोळ्यांनी बघीन, मग सही करीन. नाहीतर खोली पुढच्या बाळंतिणीला." अधीक्षकबाई घराण्याच्या मानकरी होत्या, त्यामुळे त्या आल्या की सगळ्या बायका उठून "सुसू माई" म्हणत, म्हणजे पधारावं. त्यातला सू जरा आखूड केला की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दूध होतो, आणि तालिता तो मुद्दाम आखूड करायची. मराठीत या शब्दाचं काय होतं ते सोडाच.

रविवारला दहा दिवस राहिले, आणि दूध आटू लागलं.

पेला अर्ध्यावर थांबू लागला. तालिताने स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातापाया पडून कोवळ्या खोबऱ्याची, साबुदाण्याची गरम वाइसालो आणली आणि समोर बसून संपवायला लावली. "बाळंतिणीचं खाणं आहे, नखरे करू नकोस. माझ्या सातही पोरांना यावरच दूध पुरलं." फुआतिनो प्यायली. पण घोर दुसराच होता. तिला लांगीचा चेहरा आठवेनासा झाला होता. गालावरची खळी डावी की उजवी? तिने दोन रात्री विचार केला आणि सापडली नाही.

दिवसा मात्र, झबलं नाकाला लावून डोळे मिटले, की ती दुधाबरोबर निघे. बर्फाच्या पेटीत बसून बसमधून, बंदरावरून, निळ्या पाण्यावरून ती पलीकडे जाई. घरात शिरे. चटईवर अंधुकसं बाळ असे, ती त्याच्याशेजारी आडवी होई, आणि दोन तोंडं तिला येऊन लुचत. नेहमी दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे. तिला त्याचं नवल वाटत नसे. स्वप्नात कोण मोजायला बसतं? दोन्हीकडून दूध वाहत राही, घराचे खांब पाण्यात उभे असल्यासारखे हलत, आणि ती जागी होई तेव्हा पेला आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त भरलेला असे. त्या दहा दिवसांत तिने पेल्याकडे बघणं सोडून दिलं आणि फक्त पलीकडे जात राहिली. शनिवारी लुसिया मुद्दाम आली, बाटली उजेडात धरून म्हणाली, "आलं की गं परत!"

रविवारी प्रार्थनेनंतर भेटीच्या उघड्या मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटली. सासू, सिएनी, घामाने निथळत आली. तिच्या एका कडेवर एक मूल होतं आणि दुसऱ्या कडेवर दुसरं.

"हे कोण, तिना?" फुआतिनोने विचारलं. सासूला ती तिना म्हणे, म्हणजे आई.

"माझ्या भाचीचा इसाको. ती बाळंतपणातच गेली ना, तुला कळवायचं कसं? बाप तुझ्या नवऱ्याबरोबर सफरचंदं तोडतोय. धर आधी तुझी लेक, माझे खांदे गेले."

लांगी तिच्या हातात आली. खळी उजवीकडे होती. फुआतिनोने तिला छातीशी घट्ट धरलं, मानेत नाक खुपसलं, पुन्हा एकदा हुंगलं. हा वास तिच्या ओळखीचा नव्हता.

लांगीलाही आईचा वास ओळखीचा नव्हता. ती ताठ झाली, मान वळवली, आजीकडे बघून तिने भोकाड पसरलं. रविवारीही आलेल्या लुसियाने सगळे उपाय केले. अंगाला अंग लावून धरलं, ओठावर दुधाचा थेंब ठेवला, खाली झोपवून पाहिलं, काखेखालून पाहिलं. पोर लालबुंद होऊन ओरडत होती आणि अधीक्षकबाई पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी नातेवाइकांशी बोलत हळूहळू इकडेच येत होत्या. फुआतिनोची छाती दगडासारखी झाली. दूध येईना.

"दे तिला इकडे, मी गप्प करते," सिएनी म्हणाली. "तू याला जरा धर." आणि इसाको फुआतिनोच्या मांडीवर आला.

त्याच्या टाळूवर तिचं नाक टेकलं. खोबरेल तेल, घाम, आंबूस दूध, आणि त्याच्या खाली तो वास, नाव नसलेला. काखेतून मुंग्या निघाल्या. तिचं पोलकं दोन्हीकडून भिजलं.

"तिना," ती म्हणाली. "झबली कुणाची पाठवायचात?"

"हाताला येईल त्याचं! बहुतेक याचंच. हा ओकतो फार."

"आणि दूध?"

"दूध दोघांना. एक बाटली तिला, एक याला."

फुआतिनोला संतापाने दिसेनासं झालं. तीन महिने! "माझ्या पोरीचं दूध होतं ते! माझ्या पोरीचं!"

"ओरडू नकोस, रविवार आहे," सिएनी शांतपणे म्हणाली. "पेटीवर बाळासाठी असं लिहिलं होतं. कुठल्या बाळासाठी ते लिहिलं होतं का? घरात दोन तोंडं असताना एकाला पाजून दुसऱ्याला बघायला बसवू? तू बसवलं असतंस?"

फुआतिनोने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण इसाकोने वाट पाहिली नव्हती. त्याने ओल्या कापडातून स्वतःच शोधून काढलं होतं, मोठं तोंड उघडून धरलं होतं आणि तो घटाघट पीत होता. त्याची मूठ तिच्या बोटाभोवती आवळली गेली.  मांडव, माणसं, पांढरे कपडे, सगळं जरा लांब गेलं आणि हलू लागलं, खांब पाण्यात उभे असल्यासारखे. तो राग अजून तिच्यात होता, पण दूध त्याला विचारून येत नव्हतं.

"दुसरीकडून गळतंय, वाया जातंय," लुसिया तिच्या कानाशी कुजबुजली. "आत्ता! आजी, पोरीला आणा इकडे."

लांगी हुंदके देत काखेखाली आली. तिच्या गालावर गरम थेंब पडले. पलीकडून इसाकोच्या गिळण्याचा आवाज येत होता. तो आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. तिने हुंदका मध्येच थांबवला. ऐकलं. ओठ चाटले. मग नाक वाकडं करून, उपकार केल्यासारखं, तिने तोंड उघडलं. एकदा सुटलं. दुसऱ्यांदा धरलं, आणि धरून ठेवलं.

फुआतिनो हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिची लेक तिच्या अंगावर पीत होती.

अधीक्षकबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एका बाळाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या.

"यातलं तुझं कोणतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ही. लांगी."

"पितेय खरी." त्यांनी कागदावर सही केली. "आज रात्रीपासून खोली तुझी. आणि हा?"

"हाही पितो, बाई. त्याला आई नाही. दोघं एका पाळण्यात मावतील."

"मावतील," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ होता. "पण माझ्याकडे आईजवळ मूल ठेवायची परवानगी आहे. तू त्याची आई नाहीस. पेटी पाठवत जा त्याच्यासाठी."

सिएनीने सूर्याकडे बघितलं. "तीनची बोट आहे, पोरी."

इसाको डोळे मिटून पीत होता, आता सावकाश, झोपेच्या काठावर. फुआतिनोने त्याचं पोट भरू दिलं. मग आणखी थोडा वेळ उगाचच थांबली. लुसियाने शिकवलं होतं तशी तिने करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवली. त्याची पकड सुटली. तो रडला नाही. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातलं दूध हनुवटीवरून सांडत तो हसला, तिला कधीपासून ओळखत असल्यासारखा.

"लवकर न्या, तिना," ती म्हणाली. "लवकर न्या याला."