लेझीमच्या ठेक्याला डोलणारं स्टेज

लॅपटॉपवर स्टेज डुलायला लागलं, तशी मैत्रेयी खुर्चीतून ताडकन उठली. तिला भीती वाटली हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे तिला भयंकर आनंद झाला होता. चूक हाती लागली की इंजिनिअर माणसाचं असंच होतं, त्याला इलाज नाही.

स्टेज होतं कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या हॉलमधलं. भीमजयंतीला भाड्याचं स्टेज नको, आपलं आपण उभारू, असं संघटनेच्या भगवानकाकांनी यंदा मनावर घेतलं होतं. वेअरहाऊसमधले जुने लोखंडी रॅक कापून त्यांनी छातीएवढे उंच खांब केले आणि वर जाड प्लायवूड ठोकलं. संध्याकाळी त्यावर चाळीस जण लेझीम खेळणार होते, आणि पहिल्याच रांगेत मैत्रेयीची लेक कृतिका होती.

मैत्रेयीची ओकव्हिलमधली नोकरी याच कामाची. क्रेनचा नाहीतर यंत्राचा सांगाडा खरोखर मोडायच्या आधी तो संगणकावर मोडून बघायचा. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते काढायचं. ताण जास्त तिथं लाल दिसतं. काकांचं स्टेजही तिनं हौसेनं मापं घेऊन त्यात घातलं होतं. वजनाला ते झकास निघालं, लाल ठिपका औषधालासुद्धा नव्हता. मग तिच्या डोक्यात आलं, लेझीम खेळणारे नुसते उभे कुठे राहतात? ते डावीकडे झुकतात, उजवीकडे झुकतात, सगळे एकाच ठेक्यावर. तिनं स्टेज आडवं हलवून बघितलं. त्याचा स्वतःचा झोका नेमका त्याच ठेक्याचा निघाला, आणि खांबांचे बुंधे लालभडक झाले.

ती तशीच गाडी काढून हॉलवर पोचली. स्टेजवर कणकेच्या पोत्यांची थप्पी लागली होती. काकांनी आख्ख्या ग्रोसरीतली पोती उधार आणून स्टेजची परीक्षा घेतली होती.

"जय भीम, पोरी! हे पाय, चाळीस मानसायचं वजन ठेवलं. हललं का तसूभर?"

"जय भीम, काका. वजनाचं नाहीच ते. बाजूला हलायचा प्रॉब्लेम आहे. खांबांना तिरके आधारच नाहीत."

"तुह्या त्या रंगीत चित्रात दिसलं असंन," काका म्हणाले, आणि खुर्च्या मांडणारी सगळी मंडळी हसली.

मैत्रेयीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एरवी तिनं पडतं घेतलं असतं, पण पहिल्या रांगेत तिची लेक होती. तिनं ढोलवाल्या कपिलला हाक मारली. "कपिलदादा, ठेका धरा. आधी सावकाश. पोती राहू देत, वर कुणी चढू नका."

तिनं कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्याला तळहात लावला आणि ठेक्यावर ढकलायला लागली. स्टेज ढिम्म. "आता एकदम फास्ट." तरीही ढिम्म. काका मिशीत हसत होते.

"आता तुमचा नेहमीचा, लेझीमचा."

ढोल त्या ठेक्यावर आला. पहिल्या काही ढकलण्यांत काहीच झालं नाही. मग प्लायवूड कुरकुरलं. पुढच्या ढकलण्याला स्टेज तिच्या हाताबरोबर गेलं, परत आलं, आणखी लांब गेलं. एका बाईच्या एका हातानं सगळा डोलारा पाळण्यासारखा हलत होता! वरचं पोतं घसरून धप्पकन खाली पडलं, फुटलं, आणि कपिलचा ढोल आपोआप थांबला. कुणी हसलं नाही.

"पोती नाचत नाहीत, काका," मैत्रेयी म्हणाली.

भगवानकाकांनी सांडलेलं पीठ पायानं बाजूला सारलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "लेझीम कॅन्सल नाई करायची. काय पायजे ते सांग."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. लोखंडी पट्ट्या आल्या, ड्रिल आलं. मैत्रेयी जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपवर खांबांमध्ये तिरक्या पट्ट्यांच्या फुल्या मारून बघत होती. मागची बाजू आणि दोन्ही कडा, एवढंच बांधलं की लाल रंग पार गायब होत होता. ती "इथं!" म्हणून ओरडायची, आणि काका तिथं नट आवळायचे. शेवटी कपिलनं तोच ठेका धरला आणि तिनं जीव खाऊन ढकललं. खांब हलला नाही. तिनं त्याला चक्क मिठी मारली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. लेझीम सुरू झाली तेव्हा मैत्रेयी स्टेजच्या कडेला खांबावर हात ठेवून उभी होती. चाळीस जण डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. तिच्या तळहाताला नुसती ढोलाची थाप कळत होती, बाकी काही नाही. कृतिका घामाघूम होऊन हसत होती. मग रंग असा चढला की खालची पोरंबाळं, त्यांच्या आया, सगळे पायऱ्यांकडे धावले.

भगवानकाका पायऱ्यांवर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांचा चेहरा उतरला होता. गर्दीच्या डोक्यांवरून त्यांनी मैत्रेयीला विचारलं, "पोरी, येऊ देऊ का?"

एवढ्या माणसांचा हिशेब तिनं दुपारीच करून ठेवला होता.

"येऊ द्या, काका," ती ओरडली, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच वर चढली.