काशीरामांच्या पाठीची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी, विटकरी रंगाची रबरी पिशवी आहे. माझ्यात गरम पाणी भरायचं, बूच घट्ट फिरवायचं आणि दुखेल तिथे मला टेकवायचं, एवढंच माझं काम.

१९८३ साली भांडुप स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानातून काशीरामांनी मला विकत आणलं. तीस वर्षं मागावर उभं राहून त्यांची पाठ कामातून गेली होती. संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. "गिरणी बंद पडली, पण तिनं दिलेलं हे दुखणं अजून तिन्ही पाळ्यांत चालू आहे," असं ते पाठीवर हात ठेवून म्हणत. टेकडीच्या उतारावरच्या चाळीत, त्यांच्या दारामागच्या खिळ्याला मी टांगलेली असे. रात्री मी त्यांच्या पाठीशी निजे. माझं फार कौतुक होई.

त्यांची सून, म्हणजे त्यांच्या मुलाची, जयवंतची, बायको नलिनी मुलुंडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. मोठी हसरी पोर! पण दर महिन्याला चार-पाच दिवस तिचं काहीतरी बिनसे. डोकं जड होई, पाय सुजत, भात जरा करपला तरी डोळे भरून येत. अशाच एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि काशीरामांनी तिच्याकडे चहा मागितला.

"दिवसभर घरातच असता ना? एक कप चहा करून घेता येत नाही?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून काशीरामांनी तिच्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नाही. आपल्या तोंडून असं गेलंच कसं, या विचारानं नलिनीला घास गिळवेना.

चाळीत दोन खोल्या सोडून कमलताई राहत. त्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. एका रविवारी आमच्या दाराशी उभ्या राहून नलिनीनं त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. "कमलताई, मला वेडबीड लागतंय का हो?"

कमलताईंनी उलट विचारलं, "बाबांना बोललीस, त्यानंतर पाळी कधी आली?"

"तीन दिवसांनी."

"आणि त्याआधी जयवंतशी कडाक्याचं भांडलीस, तेव्हा?"

नलिनीनं बोटांवर मोजलं. "तेव्हाही चारच दिवसांनी!"

"वेडी नाहीस गं तू," कमलताई म्हणाल्या. "पाळीच्या आधी कित्येक बायकांना असं होतं. कॅलेंडरवर खुणा करत जा, म्हणजे ते दिवस अवचित येणार नाहीत. ऑफिसात चहा किती पितेस?"

"सहा-सात कप होतात."

"दोनवर ये. त्या दिवसांत सुकी मासळी, पापड, लोणचं कमी कर. मिठानं अंगावर सूज राहते. रोज अर्धा तास चाल, पुरेसं झोप, आणि कंबर-पोट शेकत जा. दोन-तीन महिने बघ. नाहीच बरं वाटलं तर सरळ दवाखान्यात ये, डॉक्टरीणबाईंना दाखवू. अंगावर काढायचं नाही."

नलिनी बस सोडून स्टेशनवरून चढ चालत येऊ लागली. जेवताना सुका बांगडा पुढे आला तर तो ताटात बाजूला सारू लागली. पुढच्या महिन्यात ते दिवस आले तेव्हा तिनं मला खिळ्यावरून काढलं. इतक्यात सासूबाई, सुगंधाकाकू, म्हणाल्या, "ठेव ती. ह्यांच्या पाठीची पिशवी आहे. तसल्या दुखण्याला लावायची आणि मग पुरुषमाणसाच्या अंगाला?"

नलिनीनं मला परत टांगलं.

खाटेवर काशीराम पडले होते. ते हळूहळू उठले. स्टोव्ह पेटवून त्यांनी पाणी तापवलं, थोडं निवू दिलं, मला भरलं आणि आपल्या पंच्यात गुंडाळलं.

"अहो, काय करताय?"

"सुगंधा, माजी पाठ दुखली की मी अख्ख्या चाळीक सांगतंय," ते गावाकडच्या मालवणीत म्हणाले. "ह्या पोरीन कोणाक सांगूचा?"

त्यांनी मला नलिनीच्या हातात दिलं. मला छातीशी धरून ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी..."

"चाय करूक शिकलंय मी. तू जरा पडान रव."

मित्रांनो, नलिनीचा त्रास काही जादूनं गेला नाही. एखादा महिना अजूनही वाईट जाई. पण आता ती आधीच जयवंतला सांगे, आणि त्या दिवसांत भाताचा कुकर तो लावी.

पुढे एका दुपारी घरात सुगंधाकाकू एकट्याच होत्या. त्यांची पाळी थांबून तीन-चार वर्षं झाली होती. कुठे दुखत-खुपत नव्हतं. तरी त्यांनी मला भरलं, भिंतीला टेकून बसल्या आणि मला ओटीपोटाशी धरलं. किती वेळ तशाच बसून होत्या. शेवटी पुटपुटल्या, "असं वाटतं होय!"

त्यांचे डोळे वाहत होते. ऊब जाईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

आता माझं रबर चिरत चाललंय. माझ्यासारखी पिशवी तुमच्या घरी असेल तर तिच्यात उकळतं पाणी ओतू नका, काम झालं की ती उलटी टांगून सुकवा. आणि तुमची आई, ताई किंवा आजी कधी पोटाशी हात धरून गप्प बसलेली दिसली, तर तिनं मागायची वाट पाहू नका. पाणी तापत ठेवा.