उभं राहून घ्यायची शपथ

राज्यघटना हा राष्ट्राचा कणा असतो. आमच्या घरी तो फ्रीजवर असायचा.

दादाच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा खात्याने त्याला दोन वस्तू दिल्या, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक राज्यघटना. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. घटना मुळात बंदच आली होती, पारदर्शक प्लास्टिकमध्ये, चारी बाजूंनी चिकटवलेली. वहिनी फ्रीज पुसायची तेव्हा तीही पुसायची, आणि दादा दर वेळी बजावायचा, ओलं फडकं नको.

दादा शपथ विभागात हेडक्लार्क होता. बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाला इथलं नागरिक व्हायचं तर शेवटी त्याच्या खोलीत यावं लागायचं. पहिला मजला, जिन्याला लागून. आत एक झेंडा, एक लाकडी कठडा, अधिकाऱ्यांचं टेबल, दादाचं टेबल आणि भिंतीवर हाताने रंगवलेली पाटी: ‘घटनेनुसार शपथ उभे राहूनच घ्यावी.’ अर्जदाराने कठडा धरून उभं राहायचं, दादाने एकेक वाक्य सांगायचं, त्याने ते म्हणायचं, मग अधिकाऱ्यांची सही. सगळा मामला चाळीस सेकंदांचा. तेवढ्यासाठी लोक सात-आठ वर्षं थांबलेले असत.

कचेरीत दादाला ‘कलम’ म्हणत. तोंडावर कलमसाहेब. सव्वीस वर्षांत त्याच्यासमोर एकही माणूस बसून नागरिक झाला नव्हता. एका मंत्र्याचे सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चिठ्ठी घेऊन आले होते. दादाने चिठ्ठी फायलीला लावली आणि सासऱ्यांना उभं केलं. ही गोष्ट तो पाहुण्यांना रंगवून सांगायचा. एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट मात्र तो कुणालाच सांगत नसे. त्या शिंप्याचं अर्धं अंग गेलेलं. मुलाने पाठीवर घेऊन जिना चढवून आणला होता. दादा म्हणाला, बरे व्हा, मग या. तो काही बरा झाला नाही. हे मला वहिनीने सांगितलं, कारण त्या दिवशी दादा जेवला नव्हता.

वहिनी सीमेपलीकडची. पलीकडची म्हणजे फार लांबची नाही. बसने चार तास, त्यातले तीन नाक्यावर. लग्न होऊन आली त्याला एकतीस वर्षं झाली होती, आणि दर वर्षी ती रांगेत उभी राहून राहण्याचा परवाना वाढवून आणायची. इथली व्हायचं तर तिथलं नागरिकत्व सोडावं लागतं, ते सोडलं की तिथे जायला व्हिसा लागतो, आणि तिथे तिची आई होती. आई गेल्यावर तिने अर्ज टाकला. नवऱ्याच्याच विभागात. दादाने तो गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवला आणि नंबर येईपर्यंत आठ वर्षं त्याला बोट लावलं नाही. कुणी आपल्याकडे बोट दाखवू नये म्हणून.

तिला नागरिकत्व हवं होतं ते मत द्यायला. तिच्या माहेरी निवडणुका क्वचित व्हायच्या, आणि व्हायच्या तेव्हा निकाल आधी लागायचा. इथे दर निवडणुकीला ती चांगले कपडे घालून दादाबरोबर शाळेपर्यंत जायची आणि फाटकाबाहेरच्या बाकावर त्याची छत्री नि पिशवी सांभाळत बसायची. तो बाहेर आला की विचारायची, ‘आत काय असतं हो?’

‘पुठ्ठा,’ दादा म्हणायचा.

‘आणि?’

‘पुठ्ठ्याच्या मागे आपण एकटे.’

‘मला एकदा त्या पुठ्ठ्यामागे जायचंय,’ ती मला म्हणाली होती. ‘लग्न झाल्यापासून एक गोष्ट अशी केली नाही, की जी तुमच्या दादाला कळणार नाही.’

शपथेचं पत्र आलं त्याच महिन्यात तिच्या पाठदुखीचं नावही कळलं. रोग दुसरीकडे सुरू झाला होता, आता मणक्यात उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघा भावांना बाहेर बोलावून सांगितलं की महिने मोजू नका, आठवडे मोजा. आणि एक गोष्ट पाळा, यांना पायांवर उभं करू नका. मणका आतून पोकळ झालाय. भार पडला की खचेल.

पत्रातली तारीख तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची होती. मतदारयादी शुक्रवारी बंद होणार होती. मतदान त्यानंतर सोळा दिवसांनी.

मी म्हटलं, चाकांच्या खुर्चीत बसून शपथ घेऊ दे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. दादा म्हणाला, घटनेत उभं राहून लिहिलंय. मी म्हटलं, देशाने घटनेवर चालायचं की थोडी अक्कलही वापरायची? घटना माणसांसाठी असते, वगैरे. अशा वेळी जे सगळेच म्हणतात ते मीही म्हणालो. दादा शांतपणे चहा ढवळत होता.

‘अक्कल ज्याची त्याला पुरेशीच वाटते,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर लिहून ठेवावं लागतं.’

हा मुद्दा वाईट नव्हता. पुढे तीन आठवडे आम्ही रोज यावर भांडलो. आज हिला बसवलं तर उद्या मंत्र्याचा सासरा आडवा पडून शपथ घेईल, असं त्याचं म्हणणं. पडू दे की, देशाचं काय जातंय, असं माझं. त्याच्या नव्या अधिकारी मॅडम फळं घेऊन वहिनीला बघायला आल्या, त्यांनीही जाताना दारात हळूच सांगितलं की कलमसाहेब, तुम्ही ठेवा खुर्ची, मी काही पाहणार नाही. दादाने त्यांना पायऱ्यांपर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाला, मॅडम नवीन आहेत.

‘लोकांचं सोड,’ एकदा मी म्हटलं. ‘तुझी बायको आहे ती.’

‘म्हणूनच.’

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, ‘हिला बसवलं, तर त्या शिंप्याला मी कशासाठी परत पाठवलं?’

याला तर्कशास्त्रात उत्तर आहे. मला ते देववलं नाही.

वहिनी आतून सगळं ऐकत होती. ‘भावजी, भांडू नका हो,’ ती पलंगावरून म्हणाली. ‘एकतीस वर्षं परवान्याच्या रांगेत उभीच होते. त्यात आणखी चाळीस सेकंद.’ डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिला ठाऊक होतं. बाहेर बोलावून सांगितलेलं आतल्या माणसाला आधी कळतं.

मग स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. ती दोन्ही हातांनी ओटा धरायची, मी पाठीमागून तिला धरायचो आणि दादा हातातल्या घड्याळाकडे बघत उभा. पहिल्या दिवशी नऊ सेकंद. आठवड्याने चौदा. पुढे बावीसवर गाडी अडली ती अडलीच. तेव्हा दादाने दुसऱ्या बाजूने प्रयत्न सुरू केले. शपथ भराभर म्हणणाऱ्यांवर सव्वीस वर्षं डाफरलेला हा माणूस तीच शपथ एका दमात म्हणू लागला. चाळीसचे एकतीस झाले. मी बघतोय म्हटल्यावर तो म्हणाला, घटनेत वेगाला मर्यादा नाही. मग वहिनीने ती पाठच केली, म्हणजे त्याने आधी सांगायचा वेळही वाचला. चोवीस.

बुधवारी संध्याकाळी हिशेब असा होता: शपथ चोवीस सेकंदांची, वहिनी बावीस सेकंदांची. दादा म्हणाला, ‘दोन सेकंद निघतील कुठूनतरी.’ वहिनी म्हणाली, ‘निघतील. नाहीतर तुमच्या बोलण्यातली घ्या, तुम्ही कुठे वापरता.’

गुरुवारी जिन्याच्या वळणात चाकांची खुर्ची अडकली. शेवटी दोन शिपायांनी दादाचीच खुर्ची वरून खाली आणली, तिच्यात वहिनीला बसवलं आणि उचलून वर नेलं. तिने चांगले कपडे घातले होते, मतदानाला जायचे ते. खोलीत नेऊन शिपायांनी खुर्ची बरोबर कठड्यामागे ठेवली. आता कुणीच काही केलं नसतं तरी चाललं असतं. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. दादा आपल्या टेबलामागे उभा होता, कारण त्याच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती.

‘उठतेस?’ तो म्हणाला. कचेरीत तो अर्जदारांना ‘उठा’ म्हणायचा.

आधार घेतलेला चालतो की नाही याबद्दल पाटीवर काही नव्हतं, म्हणून मी मागून धरलं होतं. वहिनी उठली. शपथ सुरू झाली आणि सुरेख सुरू झाली, एकही शब्द न अडखळता, स्वयंपाकघरात कधी झाली नव्हती अशी. दादाचे डोळे घड्याळावर. मी मनात मोजत होतो. विसाच्या पुढे, शेवटच्या वाक्याच्या अलीकडे, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. माझ्या हातात तो आधी कळला, कानाला नंतर. ती खाली आली ती खुर्चीत.

ओरडली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने श्वास घेतला आणि राहिलेलं वाक्य बसल्या बसल्या पुरं केलं, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. आता घाई उरली नव्हती.

मॅडमनी रडत रडत पेन उचललं. दादाने नोंदवहीवर हात ठेवला.

‘शेवटचं वाक्य बसून झालं, मॅडम.’

‘मी पाहिलं नाही, कलमसाहेब.’

‘मी पाहिलं.’

आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याने ‘अपूर्ण’ लिहिलं. त्याचं अक्षर वळणदार आहे. त्या दिवशीही होतं.

रुग्णवाहिकेत वहिनीला आपले पाय जाणवत नव्हते. तिने दादाचा हात शोधला आणि म्हणाली, ‘अहो, एकच वाक्य राहिलं ना? तेवढं नंतर घेते.’ शपथ मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते, हे दादाइतकं कुणाला माहीत असणार. ‘हो,’ तो म्हणाला, ‘तेवढंच राहिलंय.’ नोकरीत नाही, पण आयुष्यात त्याने कुणाला दिलेली ती एवढीच सवलत.

नवव्या दिवशी ती गेली. मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म दादाने स्वतः भरला. नागरिकत्वाच्या रकान्यापाशी तो थांबला नाही. ‘परदेशी’ लिहिलं आणि पुढे गेला.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघे शाळेपर्यंत गेलो. ऊन होतं, तरी त्याने छत्री आणि पिशवी घेतली होती. दोन्ही बाकावर ठेवून तो आत गेला. बाहेर आला तेव्हा दोन्ही तिथेच होत्या. कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या रस्त्यात तो आपणहून म्हणाला, ‘पुठ्ठाच असतो.’

पुढच्या आठवड्यात त्याने सरकारला अर्ज लिहायला घेतला, की घटनेत दुरुस्ती करावी आणि आजारी माणसाला बसून शपथ घेऊ द्यावी. दुरुस्ती सुचवायची तर कलमाचा क्रमांक द्यावा लागतो. म्हणून त्याने फ्रीजवरून घटना काढली आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने प्लास्टिक कापलं. चार दुपारी तो वाचत होता, पहिल्या पानापासून परिशिष्टांपर्यंत. पाचव्या दुपारी मला बोलावलं. ‘तू बघ रे. माझे डोळे हल्ली बरोबर नाहीत.’

मी बघितलं. तिसऱ्या परिशिष्टात शपथ होती, शब्दन् शब्द. कुणी द्यायची ते होतं, सही कुणाची ते होतं. उभं राहण्याबद्दल काही नव्हतं. पुन्हा सगळं चाळलं, तरी नव्हतं. तीन आठवडे आम्ही घटना की अक्कल म्हणून भांडलो, आणि दोन्हींपैकी एकही कुणी उघडली नव्हती. मी तर तर्कशास्त्र शिकवतो.

दादाच्या आधीचे हेडक्लार्क अजून आहेत, लेकीकडे राहतात, पंच्याऐंशीचे. आम्ही गेलो तेव्हा त्यांना फार आनंद झाला. बसा, बसा म्हणाले. दादा उभाच राहिला. पाटीचं विचारल्यावर म्हातारा खुलला. ती त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती. विभाग नवा होता, सहा खुर्च्या मागितल्या, दोन आल्या. लोक येत आणि बसायला मागत.

‘नुसतं ‘शपथ उभे राहूनच घ्यावी’ लिहिलं होतं आधी,’ ते म्हणाले. ‘तर वाद घालायचे हो. मग वर ‘घटनेनुसार’ घातलं. एक माणूस पुन्हा बोलला नाही.’

दादाने बाकीच्या चार खुर्च्यांचं विचारलं. त्या पुढच्या वर्षी आल्या, ते म्हणाले, पण तोवर लोकांना सवय झाली होती, म्हणून जिन्याखालच्या खोलीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दादाने ती खोली उघडून घेतली. चारही खुर्च्या होत्या. त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.