चूलबंद किती?

“सर, हा प्रोग्राम तुम्ही एकट्यानेच केला?”

हा प्रश्न भर कार्यक्रमात विचारून दाखव, अशी माझ्या मैत्रिणी बेबी आणि शेवंताने पैज लावली होती. मी विचारला. उभं राहून, खणखणीत आवाजात. फैजपूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्या दिवशी आजूबाजूच्या गावांचे पंधरा-वीस आचारी बोलावले होते आणि अभिमन सर त्यांना स्क्रीनवर ‘लग्नाची यादी’ दाखवत होते.

सर हसले. “मग काय तुझ्या अंगठेबहाद्दर आबांनी केला?”

सगळे हसले. मागच्या रांगेत बसलेले आबाही हसले, आणि तेच मला सहन झालं नाही.

कारण प्रोग्राम माझा होता. दहावीचा अभ्यास बाजूला सारून चार महिने खपून केलेला. माझे वडील, आबा, म्हणजे तोताराम आचारी, मूळचे शिरपूरकडचे. ना दुकान, ना मालक. बोलावणं आलं की झारा-उलथणं घेऊन निघायचं. भरिताला वांगी किती, मिरच्या किती, बट्टीला पीठ किती, सगळं डोक्यात. पण लग्नसराईत एकाच दिवशी तीन घरची माणसं दारात आली की ते डोकं तापायचं. म्हणून मी हे केलं, सरांच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर. प्रश्न येतो, आकडा टाकायचा, की सामानाची यादी छापून बाहेर. आबांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मग बियाण्याच्या पाकिटावरचं वांगं कापून मी एका बटणावर चिकटवलं, दुसऱ्यावर मिरची. आबांनी एका बोटाने वांगं दाबलं आणि प्रिंटर करकरला, तेव्हा ते दचकून खुर्चीतून उभेच राहिले होते.

एक प्रश्न त्यांनी माझ्याकडून मुद्दाम घालून घेतला होता : चूलबंद किती? आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. घरटी एक म्हणजे घरातलं एकच माणूस जेवायला येणार. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटणार नाही. पाळण्यातल्या पोरापासून म्हातारीपर्यंत अख्खं खटलं पंगतीला.

सरांनी माझं वांगं नखाने खरवडून काढलं. “ही बालवाडी नाही,” म्हणाले. प्रोग्रामच्या वर स्वतःचं नाव टाकलं. आणि त्या दिवशी स्क्रीनवर मी पाहिलं, तर घरटी किती, चूलबंद किती या माझ्या दोन प्रश्नांच्या जागी एकच होता : पत्रिका किती? चूलबंद उडवलेलं, एका पत्रिकेला एकच माणूस धरलेलं. जळगाव शहरात वाढलेले, त्यांना ते गावंढळ वाटलं असणार. मी सांगणार होते. पण सगळे अजून हसतच होते. मी तोंडातलं वाक्य गिळलं आणि मनात म्हटलं, थांबा सर.

वैशाखात सरांच्या बहिणीचं लग्न निघालं, त्यांच्या मूळ गावी, सावद्याला. आचारी आबाच. सरांनी छापील यादी हातात दिली आणि बजावलं, कॉम्प्युटरची आहे, याच्याबाहेर जायचं नाही. आबांनी ती घरी आणून माझ्यापुढे ठेवली आणि सगळ्यात वरच्या, वांग्याच्या आकड्यावर बोट टेकवलं.

“वांगा कमी वाटतस. चूलबंद धरेल शे ना यामा?”

मी वहीतून मान वर केली नाही. “यंत्रातून आलंय, आबा. बरोबरच असणार.”

“तू करेल यंत्र शे,” आबा म्हणाले. “मंग बरोबरच व्हई.” आणि त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. मला आत कुठेतरी टोचलं. टोचू दिलं.

तिसऱ्या पंगतीला भरीत संपलं. चौथी पंगत रिकाम्या पत्रावळींसमोर बसून राहिली. मी मंडपाच्या कनातीमागून सरांचं तोंड बघत होते. पांढरंफटक. खोटं कशाला सांगू, जिलबीपेक्षा गोड लागलं ते. मग सरांनी बोट उचललं आणि आबांकडे रोखलं. “आचाऱ्याने घात केला.”

नवऱ्या मुलाचे आजोबा, यावलचे कौतिक नाना, काठी टेकत आबांसमोर आले. वीस वर्षांत तुझ्या हाताखाली कधी कमी पडलं नाही तोताराम, आज आमच्याच पानावर पडावं? असं ते म्हणाले, अगदी हळू. आबांचा हात खिशाकडे गेला. आता यादी काढतील, सगळ्यांना दाखवतील, असं मला वाटलं. हात रिकामाच बाहेर आला. दुसऱ्या हाताला जोडला गेला.

“मनी चूक शे, नाना.”

चूक स्वतःवर घेऊन ते सरांना वाचवत नव्हते. त्यांच्या लेखी ते यंत्र अजून माझं होतं.

संध्याकाळी अंगणात आबा पातेलं राखेने घासत होते, घासलेलंच पुन्हा घासत होते. माय काही बोलायला लागली, तर म्हणाले, “पोरले काही बोलू नको. शिकताना चुकस मानूस.”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“मी चुकले नाही, आबा. सरांनी चूलबंद काढलं ते मला माहीत होतं. मी गप्प बसले. माय, तूपण ऐक. उद्या सकाळच्या एसटीने मी यावलला जाणार. कौतिक नानांच्या ओट्यावर, चार माणसांसमोर सरांचं नाव सांगणार. आणि त्याच्या खाली माझं.” मी हात पुढे केला. “खिशातली ती यादी द्या.”