उजवा गाल, डावा गाल

केस पांढरा होता, जाड होता, आणि टोकाशी त्याला दोन फाटे फुटले होते. सरूबाईने तो चिमटीत धरून ओढला तर फेसातून अलगद वर आला — म्हणजे गालाचा नव्हता, दाढीच्या ब्रशाचा होता. संचिताचं बारसं झालं त्या वर्षीची, दोन हजार पाच सालची ही सकाळ. नातीला पाळण्यात घातलं आणि महिनाभरात आजोबांना लकवा झाला, म्हणून ते वर्ष घरात तसंच ओळखलं जातं... पाळण्याचं आणि खाटेचं.

“नाय,” हरिश्चंद्र म्हणाले.

हा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. चहा दिला तरी नाय, पुढ्यातला कप उचलला तरी नाय. पंखा लावला, पंखा बंद केला, पाठीला तेल चोळलं, नातीला कुशीत आणून ठेवलं — नाय. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादा अडकून राहतो, त्याचा अर्थ तोच असेल असं धरू नका. मग कोणता धरायचा? ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि अडकायला तरी कोणता शब्द अडकावा... सगळ्या संसारात ह्यांनी तिला जे काही दिलं त्यातला हाच तर सगळ्यांत जुना, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. माहेरी जाऊन येऊ? नाय. शेजारच्या बायका शिवणक्लासला जातात, मी जाऊ? नाय. तेव्हा निदान त्याचा अर्थ कळत तरी होता.

दुसरा केस निघाला. मग तिसरा. ब्रश मुळाशी सैल झाला होता, प्रत्येक फिरवण्याला चार-दोन केस सोडत होता, आणि ते केस ओल्या गालावर चिकटून ह्यांना टोचत असावेत, कारण ह्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि फेस ओघळून गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर पडला.

“आई, तो फोम घ्या ना,” आतून सून स्वाती म्हणाली. तिच्या मांडीवर संचिता किरकिरत होती. “अमोलनी मुद्दाम आणलाय. दाबला की झालं.”

तोही झाला होता करून. गार फेस गालाला लागताच ह्यांनी डावा हात असा झटकला होता की डबा मोरीपर्यंत गेला. त्याआधी कोपऱ्यावरचा न्हावी घरी बोलावला, त्याने खांद्याला टॉवेल गुंडाळायच्या आतच नाय नाय नाय सुरू झालं आणि तो बिचारा पेटी उचलून निघून गेला. सरूबाईच्या हातचीच तेवढी दाढी थोडीफार होत होती, आणि आता हा ब्रश.

दाढी आजच व्हायला हवी होती. उद्या सफाळ्याकडच्या वृद्धाश्रमातली माणसं पेशंटला बघायला येणार होती. काल रात्री जेवताना अमोल ताटाकडे बघत म्हणाला, “आई, एक खोली, एक किचन. पोरगी रडली की बाबा ओरडतात, बाबा ओरडले की पोरगी रडते. स्वातीला किती दिवस झोप नाय. तिथं नर्स असते, सगळं असतं.”

“आणि ह्यांना काय वाटेल?”

“त्यांना काही वाटत असतं तर मी हे बोललो असतो का? त्यांना काही कळत नाही, आई. तुला वाटतंय की त्यांना कळतं, एवढंच. संध्याकाळपर्यंत सांग मला, मी त्या लोकांना फोन करतो.”

पोरगा वाईट नाही. म्हणून तर जास्त राग येतो — वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

तिने ह्यांचा गाल पुसला. एका बाजूला खुंट, एका बाजूला साबणाचे पांढरे ओघळ... भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात ह्या माणसाने कधी दाढी वाढवून पाऊल टाकलं नव्हतं. तिने ब्रश धुऊन, झटकून, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. असाच दुसरा आणायचा. अगदी असाच. दोन्ही पुढ्यात धरायचे आणि विचारायचं, कुठला? बोट दाखवतील, नजर फिरवतील, काहीतरी करतील. एवढं जरी केलं तरी अमोलला सांगता येईल की बघ, माणूस आत आहे अजून.

घराजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या दोन्ही दुकानांत फोमचेच डबे होते. ब्रश म्हटल्यावर एकाने दात घासायचा काढला. ऊन चढलं होतं. ती चालत नया नगरात आली, तिथे गल्लीच्या तोंडाशी जलीलभाईंचं दुकान — रिबिनी, मेंदी, पावडरी, कंगवे, सगळं टांगलेलं. तिने पिशवीतून ब्रश काढून काउंटरवर ठेवला.

“ऐसाच मंगता. डिट्टो ऐसाच.”

जलीलभाईंनी चष्मा नाकावर ओढला, हात पुढे केला, आणि ब्रशाच्या दांड्यावरची बारीक अक्षरं दिसताच तो हात तसाच मागे घेतला. “चाची, ये उठाओ पहले. थैली में डालो.”

“क्यूँ? धोके लाया है मैं.”

“धोने का सवाल नहीं है.” त्यांनी आवाज खाली आणला, जणू एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पदराला काही लागलंय हे तिला सांगायचं होतं. “प्युअर ब्रिसल लिखा है इस पर. ये सुअर का बाल है.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने ब्रश असा उचलला की पिशवीच खाली पडली. जलीलभाईंनी ओलं फडकं घेऊन काउंटरचा तेवढा तुकडा पुसला — रागाने नाही, बेताने, तिच्याकडे न बघता. तिने पिशवी उचलून ब्रश आत कोंबला.

“मेरे को मालूम नहीं था, भाईसाब. अल्ला कसम... म्हणजे, देवाशप्पथ. हमारा आदमी तो माला पहनता है. मच्छी-मटन कुछ नहीं. अंडा भी नहीं.”

जलीलभाईंनी फडकं थांबवलं. तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या दाढीत हसू उमटलं. “तो फिर चाची, इस मामले में हमारा-आपका एकही हुआ.” मागच्या फळीवरून त्यांनी एक डबी काढली. “ये लो. नायलॉन. बाल नहीं गिरता, फट से सूखता है, किसी का धरम नहीं जाता.”

“नरम है?”

“अब असली जैसा तो...” त्यांनी खांदे उडवले. “असली असली होता है. लेकिन वो हम नहीं रखते.”

परत येताना पिशवीत दोन ब्रश होते आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट उकळत होती. माळ घातली ती गावच्या सप्ताहात, बुवांच्या हातून. शिमग्याला गेलो होतो आणि मुंबईला परतलो तेव्हा ह्यांच्या गळ्यात माळ होती. मला कोणी विचारलं नाही. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाले, आता ह्या घरात मासळी शिजायची नाय. वेळणेश्वरच्या खाडीकाठची मी... भात उतरला की कालवणाचा वास यायलाच हवा, नाहीतर पोट भरलं असं वाटतच नाही, आणि त्या दिवसापासून घरात डाळ. फक्त डाळ. सुकटाचा डबा मी स्वतःच्या हाताने घासून, उन्हात ठेवून, त्यात रवा भरला. वरच्या मजल्यावरची जेसिका — तिचं माहेर भाईंदरकडच्या डोंगरीचं — कधी जिन्यात गाठून म्हणायची, “सरूबाय, बोंबील आयलेत, ये की वर. तुझ्या म्हाताऱ्याला मी सांगनार न्हाय,” आणि मी जायची, उभ्याउभ्या खायची, साबणाने हात धुवायची, तोंडात बडीशेप टाकायची, चोरासारखी खाली यायची. आणि इतकी वर्षं रोज सकाळी, आंघोळीच्या आधी, ह्या माणसाने गळ्यात माळ असताना दोन्ही गालांवरून, ओठांवरून, हनुवटीखालून... डुक्कर.

रस्त्यातच तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अधिकच वैताग आला. ह्यांना ठाऊक होतं का? नसणार. ठाऊक असतं तर ब्रशच काय, दाढीही सोडली असती आणि घरात त्याचंही एक व्रत झालं असतं. आता ठाऊक आहे ते मला. म्हणजे आता हेही मीच सांभाळायचं... जुना वापरला तर पाप मला, नवा वापरला तर टोचणार ह्यांना. सगळं शेवटी माझ्याच पदरात.

घरी दुपारची शांतता होती. स्वाती आणि पोरगी एकमेकींना चिकटून झोपल्या होत्या. सरूबाईने वाटीत कोमट पाणी घेतलं, साबण घोळवला, खाटेच्या कडेला बसली आणि दोन्ही ब्रश ह्यांच्या डोळ्यांपुढे धरले.

“अहो. नीट बघा. हा नवा, नायलॉनचा. हा तुमचा. कुठला?”

“नाय.”

“हा?”

“नाय.”

“मग हा?”

“नाय.”

“तुमचा हा डुकराच्या केसांचा आहे,” ती म्हणाली. आवाज आपोआप बारीक झाला होता, पण त्यातली धार तिला स्वतःलाच कळली. “ऐकलंत? डुकराच्या. माळ गळ्यात आणि डुक्कर तोंडावर. मी बोंबील सोडले तुमच्यासाठी.”

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं... भिंतीकडे बघावं तसं, की कधी काळी पगाराच्या दिवशी दारातून आत येताना बघायचे तसं, तिला काही ठरवता येईना. “नाय,” ते म्हणाले.

तेव्हा तिने काय केलं ते तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही. नवा ब्रश फेसात बुडवून तो तिने स्वतःच्याच उजव्या गालावर फिरवला. चुरचुरलं. दोऱ्याची तोकडी टोकं, भांड्याच्या घासणीसारखी आखडलेली, फेस आपल्याकडे न ठेवता सगळा ओघळू देणारी. मग जुना, डाव्या गालावर. आणि तो... तो गरम होता. पाणी त्याने पोटात धरून ठेवलं होतं आणि आता हळूहळू सोडत होता, फाटे फुटलेली टोकं गालावर अशी पसरत होती की डोळे मिटावेत. हे रोज ह्यांना मिळत होतं. रोज सकाळी, आरशासमोर, एवढा वेळ एवढं काहीतरी मऊ... आणि मी आत डाळीला फोडणी देत होते. मला कधी कोणी गालाला असं काही लावलं? तिने डोळे उघडले. दोन्ही गालांवर फेस घेऊन खाटेवर बसलेली एक म्हातारी, आणि समोर तिचा नवरा, ज्याच्या तोंडाचा डावा कोपरा थरथरत होता.

“नाय,” ते म्हणाले. “नाय... नाय...”

हसत होते? लकव्याच्या माणसाचं हसणं आणि रडणं एकाच ठिकाणाहून येतं, तेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, पण पाणी दोन्हींत येतं. तिने थांबून, अगदी जवळ जाऊन बघितलं. काही पुरावा नव्हता. अमोलला दाखवावं असं काहीच नव्हतं.

तिने तोंड पुसलं आणि दाढी सुरू केली. लकव्यात गेलेल्या उजव्या गालाला काही कळत नव्हतं, तिकडे नायलॉन लावला. डाव्या गालाला कळत होतं, तिकडे जुना. हे बरोबर केलं की उलटं करायला हवं होतं... ज्या बाजूला कळत नाही तिकडे डुक्कर गेलं असतं तर चाललं असतं का, माळेला डावं-उजवं असतं का... ती दाढी करत राहिली आणि हे मनात घोकत राहिली. जुना ब्रश फिरताना ह्यांची मान तिच्या हातावर थोडी कलली. कदाचित थकून. एक केस सुटला, तो तिने फुंकरीने उडवला.

संध्याकाळी अमोल दारातच बूट काढत होता. “दाढी केलीस? बाबा छान दिसतायत.” मग दुसरा बूट काढत, “काय ठरलं? फोन करू त्यांना?”

“कर. उद्या यायची गरज नाही म्हणून सांग.”

“बाबांनी काही सांगितलं? काही खूण केली?”

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं, निदान काही महिने. पण ते तोंडात आलंच नाही.

“त्यांनी काही सांगितलं नाही. मी सांगतेय. ते इथेच राहतील.”

“आणि त्यांना खरंच काही कळत नसलं तर?”

“तर नसेल कळत.”

अमोलने काढलेले बूट भिंतीशी सरकवले. आत पोरगी रडायला लागली, आणि खाटेवरून ह्यांचं नाय नाय सुरू झालं, आणि स्वातीने आतून काहीतरी आपटलं. वैताग गेला नव्हता. सरूबाईला तो छातीत तसाच लागत होता, पण सकाळी तो कोणावर तरी होता — ह्यांच्यावर, पोरावर, बुवांवर, डॉक्टरांवर — आणि आता तो कोणावरच नव्हता, नुसता होता, स्वतःचा, आणि त्याच्या शेजारी एक रिकामी, थोडी भीती वाटावी अशी जागा झाली होती. इतकी वर्षं जिथे कोणीतरी दुसऱ्याने नाय म्हणायचं, तिथे आज मीच उभी होते, आणि माझ्या मागे कोणी नव्हतं. हे मला आवडलं की नाही ते मला अजून सांगता येत नाही.

माझे पती हरिश्चंद्र मीरा रोडच्या राहत्या घरी, दोन हजार सात सालच्या माघात, एका मंगळवारी पहाटे वारले.