मागचं फाटक

पाचव्या दिवशी खटल्याचा निकाल द्यायला बसलेले बाराही ज्युरर एकमेकांना विटले होते. तेच गार सँडविच, तोच वाद. टास्मानियातल्या एका गावच्या म्हाताऱ्या नेव्हिलने शेजाऱ्याचं गवताचं कोठार पेटवलं की नाही? सगळं घोडं त्याच्या मागच्या फाटकापाशी अडलं होतं. पोलीस म्हणत, तो तिथूनच गेला. नेव्हिल म्हणे, ते फाटक दहा वर्षांत हललेलं नाही.

"हलतं की! एका हाताने उघडतं," बारा जणांतला क्लाइव्ह म्हणाला.

व्हर्नाने मान वर केली. मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली बाई. सडकं काय ते तिला वासावरून कळे. "हे कोर्टात कोण बोललं?"

"रविवारी गेलो होतो तिकडे, सहज."

"सहज? तिकडे फिरकू नका म्हणून जजसाहेब कानीकपाळी ओरडले होते ना?"

"अगं, खरं कळलं ना? मग झालं तर!"

"आता जजकडे चिठ्ठी धाडू नकोस गं बाई," कुणीतरी कळवळलं. "खटला पहिल्यापासून सुरू होईल."

चिठ्ठी व्हर्नाने वहीत लिहिलीच होती. तेवढ्यात दार वाजलं. पहाऱ्यावरची ग्लेनिस डोकावली. "काही हवंय का मंडळींना?"

सगळे व्हर्नाकडे बघू लागले. खरं बोलायला धीर लागतो म्हणतात. व्हर्नाने वही मिटली.

"दूध संपलंय," ती म्हणाली.

संध्याकाळी नेव्हिल दोषी ठरला. सगळ्यांच्या वह्यांचा यंत्रात भुगा झाला, त्यात ती चिठ्ठीही गेली. आतलं बाहेर बोलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं व्हर्नाने स्वतःला समजावलं.

दोन आठवड्यांनी बाजारात नेव्हिलची बायको ऑड्री समोर आली. व्हर्ना तोंड चुकवणार, तोच ती म्हणाली, "घाबरू नका, मी काही विचारणार नाही. मेंढ्या एकटीच्या गळ्यात पडल्यात, एवढंच. नशीब, त्याला धरून नेल्यावर मागच्या फाटकाच्या बिजागऱ्या बदलून घेतल्या. नाहीतर ते मेलं हलतंय कसलं! वकिलालाही सांगायचं सुचलं नाही. म्हटलं, ते बघायला कोण येतंय?"

म्हणजे क्लाइव्हने उघडलं ते नव्या बिजागऱ्यांचं फाटक! बाजारात तोंड उघडायची तिला मुभा नव्हती. जिथे होती, तिथे तिने दूध मागितलं होतं.

पिशवी तशीच टाकून ती कोर्टाची चढण चढली. ग्लेनिस दारातच होती.

"काय हवंय, बाई?"

"कागद दे," व्हर्ना धापा टाकत म्हणाली. "जजसाहेबांना चिठ्ठी लिहायचीय."