अब्बाचा उजवा पाय

नजीरनं अर्धी जिंदगी वणीच्या कोळशाचा ट्रक चालवला. दुसऱ्याच्या गाडीत बसला का त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहे. आज तो पोरीच्या, अतियाच्या नव्या गाडीत बसला होता. पांढरकवड्याहून वणीच्या दवाखान्यात ड्युटीले ती रोज ही गाडी नेणार होती. नजीर म्हणे, मले पटलं नाही तं बसनं जाशील.

हायवे लागताच अतियानं बटन दाबलं अन् पेडलवरून पाय काढून घेतला. समोरचा ट्रक हळू झाला, तशी गाडीही आपल्या मनानं हळू झाली.

"गाडीच चालवते, मंग तू कायले बसली?" नजीर खेकसला. पाय चटई रगडून राह्यला होता.

"चटई फाटन, अब्बा. रोज हायवेनं जाणाऱ्याचा पाय वाचते याच्यानं."

करंजीले हायवे सोडून वणीकडे वळल्यावर नजीर बाहेर पाहू लागला. यंदा कापसाले भाव नव्हता, तरी जिनिंगपुढं ट्रॅक्टरची रांग होती, मधातून बकऱ्या, मोटारसायकली. गाडी थांबे, निघे, पण धक्का कुठंच नाही.

"मानलं तुह्या बटनाले," नजीर म्हणाला.

"ते तं करंजीलेच बंद केलं. या गर्दीत ते कामाचं नाही. इथं मीच चालवून राह्यली."

नजीरनं खाली पाह्यलं. पाय कवाचा निवांत पडला होता. त्यानं काच खाली केली अन् बाजूच्या ट्रॅक्टरवाल्याले, त्यानं काही इचारलं नसताना, सांगतलं, "पोरगी आहे माही."

आजवर तो कोणत्याच डायव्हरच्या बाजूले झोपला नव्हता. त्यानं सीट मागं लोटली.

"वणी आली का उठवजो."